सरळ रेघेतलं अंतर

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला जाताना पंधरा-सोळा तास लागतात, येताना तास-दीड तास कमी. फोनवर दोन शहरांची नावं टाकली की एवढं लगेच कळतं, आणि दादा न्यू जर्सीला गेल्यापासून हे आकडे आमच्या घरात परवच्यासारखे पाठ आहेत. आकड्यांशी माझं भांडण नाही. मी शाळेत भूगोल शिकवते, अंतर मोजणं हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. पण हे अंतर एका धावपट्टीपासून दुसऱ्या धावपट्टीपर्यंतचं आहे, आणि माणसं धावपट्टीच्या अलीकडे-पलीकडे राहतात. आम्ही वेळणेश्वरला, गुहागर तालुक्यात, समुद्राला लागून. दादा एडिसनला. या दोन उंबऱ्यांमधलं अंतर मी बरीच वर्षं निरनिराळ्या तऱ्हांनी मोजत आले आहे. त्याबद्दल हे लिहिते आहे.

आमच्या किनाऱ्यावर उभं राहून पश्चिमेकडे पाहिलं की कुणालाही वाटतं, अमेरिका ही अशी समोर, पाण्याच्या पलीकडे. वर्गातल्या मुलांना विचारलं तर बहुतेक जण तसाच हात करून दाखवतात. आई अजूनही तिन्हीसांजेला अंगणातून तिकडेच बघते. नाकासमोर पश्चिमेला, एकाच अक्षांशावरून निघालं तर पहिला किनारा लागतो ओमानचा, सुमारे १,९०० किलोमीटरवर. पुढे येमेन, सौदी अरेबिया, तांबडा समुद्र, आफ्रिकेतलं इरिट्रिया, सुदान, चाड, नायजर, माली, मॉरिटानिया, मग अटलांटिक, आणि त्यानंतर कॅरिबियन बेटं. न्यूयॉर्क त्या रेघेवर लागतच नाही. ते आपल्यापेक्षा तेवीस-चोवीस अंश उत्तरेला आहे.

शिवाय ‘सरळ’ म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच. वर्गात मी पृथ्वीगोल टेबलावर ठेवते, एका मुलाला मुंबईवर बोट ठेवायला सांगते, दुसऱ्याला न्यूयॉर्कवर, आणि दोघांच्या बोटांमध्ये दोरा ताणून धरायला लावते. दोरा सैल असतो तोवर तो अरबी समुद्र, आफ्रिका, युरोप असा लोंबत जातो. ताणला की सरकत सरकत वर चढतो आणि जवळजवळ आर्क्टिक वृत्तापर्यंत पोचतो. गोलावरचं सर्वांत कमी अंतर बृहद्वृत्तावरून, म्हणजे गोलाचे दोन सारखे भाग करणाऱ्या वर्तुळावरून जातं, हे वाक्य पुस्तकात असतं. पण दोरा आपल्या बोटांखालून सरकतो तेव्हा मुलांचे डोळे मोठे होतात, आणि मला दर वर्षी तितकंच बरं वाटतं. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारी ही सर्वांत आखूड रेघ निघताना पश्चिमेला जातच नाही. ती उत्तरेकडे तोंड करून थोडी पश्चिमेला कलते. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, उझबेकिस्तान, कझाकस्तान, मग रशिया. फिनलंड, स्वीडन, नॉर्वे ओलांडून आइसलंडच्या पूर्वेकडच्या समुद्रावर ती ६५ अंश उत्तरेच्या जवळ पोचते, तिथून खाली वळते, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाच्या जरा खालून लॅब्राडोरवर येते आणि न्यूयॉर्कला उतरते.

एका सुट्टीत मी ही रेघ संगणकावर नीट आखून पाहिली. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतले आणि रेघ कुठकुठल्या गावांवरून जाते ते बघत बसले. रशियात शिरल्यावर ती व्होल्गा ओलांडते आणि मॉस्कोच्या वायव्येला एका शहराच्या अगदी जवळून जाते. त्या शहराचं नाव वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. ते त्वेर होतं.

त्वेरशी कोकणाचं नातं जुनं आहे. अफनासी निकितिन नावाचा एक व्यापारी पंधराव्या शतकात त्वेरहून निघाला, व्होल्गेतून खाली आला, वाटेत लुटला गेला, कॅस्पियन समुद्र आणि इराण ओलांडून होर्मुझला पोचला, आणि तिथून जहाजाने १४६९ च्या सुमारास आपल्या चौलला उतरला. वास्को द गामा कालिकतला येण्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. बरोबर विकण्यासाठी एक घोडा होता. जुन्नरच्या खानाने तो काढून घेतला. पुढे निकितिन बिदरपर्यंत फिरला, बहमनी राज्य पाहिलं, आणि त्याने लिहून ठेवलेली टिपणं आजही वाचायला मिळतात. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. अलिबागकडे जाणारे पर्यटक बहुधा ते न बघताच पुढे जातात, याचं मला वाईट वाटतं.

हा माणूस परत जायला निघाला तो दाभोळहून. दाभोळ म्हणजे आमच्या तालुक्याच्या समोरचं गाव. धोपाव्याला वाशिष्ठीच्या मुखाशी उभं राहिलं की पलीकडे दिसतं ते. त्या खाडीतून त्याचं जहाज बाहेर पडलं, आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे भरकटलं, मग मस्कत, होर्मुझ, आणि पुढे जमिनीवरून काळा समुद्र. त्वेरला मात्र तो पोचला नाही. वाटेतच, स्मोलेन्स्कजवळ वारला. त्वेर ते चौल सरळ रेघेत साधारण ५,२०० किलोमीटर आहे. आजच्या विमानाला साडेसहा तास पुरतील. त्याला तेवढ्यासाठी वर्षं लागली, आणि परतीचा शेवटचा तुकडा राहून गेला.

दादा ज्या रेघेवरून गेला, ती या माणसाच्या घरावरून जाते. कुणी ठरवून केलेलं नाही हे. गोलाच्या भूमितीतून ते आपोआप आलं आहे. तरी मला वाटतं, चौल-दाभोळच्या माणसांना हे ठाऊक असायला हवं.

प्रत्यक्षात विमानं या रेघेवरून जातातच असं नाही. वारा बघून वैमानिक वाट बदलतात. जमिनीपासून दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह कधी कधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. तो अंगावर घेत जायचं म्हणजे वेळ आणि इंधन दोन्ही वाढतं. परतताना तोच पाठीशी असतो. दादा येतो तेव्हा लवकर पोचतो आणि जातो तेव्हा उशिरा, याचं कारण हे. आईला हे समजावणं सोपं गेलं. तिचं माहेर दर्यावर्दी लोकांच्या शेजारचं. पहाटे मतलई वाऱ्यावर, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यावर, होड्या बाहेर पडायच्या आणि दुपारनंतर खारा वारा सुटला की त्याच्यावर शिडं लावून परत यायच्या, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. अरबस्तान आणि आफ्रिकेकडे जाणारी गलबतंही ईशान्येच्या वाऱ्यावर निघायची आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर परतायची. “म्हणजे अजून वाराच बघतात,” ती म्हणाली, आणि त्यानंतर तिला विमानाची धास्ती जरा कमी वाटायला लागली.

वाऱ्याहून जास्त वाट वाकवतात त्या माणसांच्या गोष्टी. युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि २०२२ पासून अमेरिकन विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. आपल्या इकडे बालाकोटनंतर २०१९ मध्ये काही महिने, आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये, पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. मग मुंबईहून युरोप-अमेरिकेकडे निघालेली आपली विमानं आधी अरबी समुद्रावर जाऊ लागली. म्हणजे आई जिकडे बघत बसते, तिकडूनच. तास वाढले, आकडे बदलले, सरळ रेघ कागदावर राहिली. आणि त्याआधी मार्च २०२० ते मार्च २०२२ या काळात तर नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानसेवाच स्थगित होती. खास विमानं सुटायची, पण त्यांत जागा मिळणं, चाचण्या, विलगीकरण हे सगळं ज्यांनी भोगलं त्यांना माहीत आहे. तेव्हाही फोनवर शहरांची नावं टाकली तर उत्तर तेच यायचं: १२,५०० किलोमीटर, सोळा तास.

कागदपत्रांचं अंतर याहून वेगळं. दादा तिकडे नोकरीच्या व्हिसावर होता, तेव्हाची बरीच वर्षं तो आलाच नाही. येता येत होतं. परत जाता येईल का, याची खात्री नव्हती. पासपोर्टवरचा शिक्का संपला की तो नवा करायला अमेरिकेबाहेर यावं लागतं, वकिलातीत तारीख मिळवावी लागते, आणि तिथे काही अडलं तर नोकरी, घर, मुलांची शाळा सगळं तिकडेच अडकून पडतं. ग्रीन कार्डाची रांग तर वेगळीच. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं दिली जातात आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली साधारणपणे सात टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत. भारतातून गेलेल्यांची संख्या एवढी मोठी की रांग वर्षानुवर्षं सरकत नाही. आमच्या वाडीत कुणालाही या सात टक्क्यांची माहिती नव्हती. लोक म्हणायचे, मुलगा विसरला. अण्णा, म्हणजे आमचे वडील, ते ऐकून घ्यायचे आणि काही बोलायचे नाहीत. मला मात्र फार बोलावंसं वाटायचं. आजही परदेशी गेलेल्या मुलांना कुणी सरसकट ‘विसरले’ म्हणतं तेव्हा मी गप्प बसू शकत नाही. कितीतरी जणांच्या बाबतीत वाट सोळा तासांची असते आणि दार बंद असतं.

रत्नागिरीला गेले की मी थिबा राजवाड्यावर एक चक्कर मारते. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा १८८५ च्या नोव्हेंबरात गादीवरून उतरवला गेला, मंडालेहून नदीतून रंगूनला आणि तिथून मद्रासला नेला गेला, आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणला गेला. मंडाले ते रत्नागिरी सरळ रेघेत सुमारे २,४५० किलोमीटर. थेट विमान असतं तर तीन तासांचा पल्ला. तो तीस वर्षं इथे राहिला. राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच वारला. त्याची समाधी रत्नागिरीत आहे. राणीला १९१९ मध्ये परत जाऊ दिलं, तेही रंगूनपर्यंतच. ब्रह्मदेशाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन २०१२ साली त्या समाधीपाशी येऊन गेले, म्हणजे त्या देशाचा कुणी प्रमुख तिथे पोचायला जवळजवळ शंभर वर्षं गेली.

आणि याच रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. राजा इकडे, लोकमान्य तिकडे, हे आपण शाळेपासून ऐकतो आणि योगायोग म्हणून सोडून देतो. मला त्यातली एकच गोष्ट टोचते. १९१२ साली पुण्यात त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या, तेव्हा लोकमान्य मंडालेत होते. बातमी पोचली. माणूस पोचू शकत नव्हता. तारेने शब्द त्या अंतरावरून तेव्हाही थोड्या वेळात जात होते. शब्दांचा वेग आणि माणसाचा वेग यांत जी दरी असते, ती आज व्हिडिओ कॉलने आणखी रुंद झाली आहे, असं मला वाटतं. आपण आता सगळं लगेच बघू शकतो. हात लावायला मात्र निघावं लागतं.

आता आमच्याकडच्या शेवटच्या तुकड्याबद्दल. मुंबईच्या विमानतळापासून वेळणेश्वर सरळ रेघेत सुमारे १९० किलोमीटर. रस्त्याने तीनशेच्या घरात. पनवेल, पेण, महाड, पोलादपूर, कशेडी, खेड, चिपळूण, आणि तिथून गुहागरकडे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं, आणि तेव्हा पहिलीत असलेली माझी मुलं कॉलेजातून बाहेर पडली तरी त्याच्या डायव्हर्जनचा अनुभव त्यांना होताच. सगळं सुरळीत असेल तर सात-आठ तास. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत किती, ते ज्याचं त्याला माहीत. विमान १२,५०० किलोमीटर सोळा तासांत जातं, म्हणजे ताशी ७८० किलोमीटर. पुढचे सरळ रेघेतले १९० किलोमीटर आठ तासांत, म्हणजे ताशी चोवीस. हा हिशोब मी फळ्यावर मांडला तेव्हा मुलांना वाटलं बाईंचं काहीतरी चुकलं. दोघांनी पुन्हा भागाकार करून पाहिला.

यात रस्त्याचाच सगळा दोष नाही. कोकणची जमीनच तशी आहे. सह्याद्रीतून उतरणारी प्रत्येक नदी समुद्राला मिळताना रुंद खाडी होते आणि किनाऱ्याने चालणाऱ्याला अडवते. धोपाव्याहून दाभोळ दिसतं, पलीकडचे दिवे मोजता येतात, पण खाडीला वळसा घालून रस्त्याने जायचं तर चिपळूण, खेड, दापोली करत शंभरावर किलोमीटर होतात. २००३ मध्ये तिथे फेरीबोट सुरू झाली आणि गाड्यांसकट पलीकडे जाणं काही मिनिटांवर आलं. तवसाळहून जयगडला जाण्याचीही तशीच सोय झाली. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत आमच्या भागाचं अंतर कुणी खरोखर कमी केलं असेल तर ते या फेरीबोटींनी. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली, तिचे उपकार आहेतच. पण ती आमच्यापासून पन्नास-साठ किलोमीटर आत, चिपळूणवरून जाते, आणि पावसाळ्यात तिचं वेळापत्रक वेगळं असतं. दरडींच्या भीतीने गाड्या हळू चालवतात, धो धो पावसात ताशी चाळीसने. तेही बरोबरच आहे.

आईच्या लग्नाच्या वेळी आगबोटी होत्या. दाभोळला बोट खोल पाण्यात उभी राहायची, माणसं पडावातून तिच्यापर्यंत जायची, सामान आणि पोरं वर चढवायची, आणि बोट भाऊच्या धक्क्याला लागायची. पावसाळ्यात बोटी बंद. मग मुंबईला जायचं तर कुंभार्ली घाट चढून कराडला, तिथून रेल्वेने. म्हणजे जून ते ऑगस्ट मुंबई दुप्पट लांब व्हायची. आईच्या पिढीला हे नवल वाटत नाही की एकच गाव एका ऋतूत जवळ असतं आणि दुसऱ्या ऋतूत लांब.

अण्णा गेले ते आषाढात, पहाटे चारच्या सुमारास. मी दादाला फोन केला तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती, साडेसहा वाजले होते. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्यामागे साडेनऊ तास असते. त्याने एकच विचारलं, “थांबाल ना?” मी म्हटलं, थांबतो. त्याच रात्रीचं न्यू जर्सीतल्याच नेवार्कहून थेट विमान त्याला मिळालं. एका अनोळखी माणसाने आपली जागा सोडली म्हणून मिळालं, हे त्याने नंतर सांगितलं. त्या माणसाचं नाव आम्हाला माहीत नाही. आई अजून त्याच्यासाठी देवापुढे हात जोडते. विमान वेळेवर सुटलं, वारा पाठीशी होता, आपल्या रात्री नऊच्या आसपास तो मुंबईत उतरला. फक्त हातातली बॅग. दहाला गाडीत बसला.

इकडे आम्ही मच्छीमारांच्या बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणल्या होत्या. पाऊस दिवसभर कोसळत होता. वीज नव्हती. माणसं ओटीवर बसून होती आणि मला येऊन विचारत होती, “कुठवर आला गो?” मी फोनवरून उत्तर देत होते: उतरला. निघाला. पेण गेलं. माणगाव गेलं. कशेडी उतरला. प्रत्येक नाव ऐकलं की ओटीवर थोडी हालचाल व्हायची. आणि मग पहाटे खेडजवळ जगबुडीने धोक्याची पातळी ओलांडली. तेव्हा जुना अरुंद पूल वापरात होता. पोलिसांनी तो बंद केला आणि गाड्यांची रांग लागली. दादा त्या रांगेत उभा होता. फोन केल्यापासून चोवीस तासही झाले नव्हते. एवढ्या वेळात तो अर्ध्या पृथ्वीवरून आला होता, आणि खेडपासून आमचं घर सरळ रेघेत बेचाळीस किलोमीटरवर होतं.

आम्ही सकाळी नऊपर्यंत थांबलो. पाणी उतरत नव्हतं, बर्फ संपत आला होता आणि गावातून पुन्हा बर्फ आणायला रस्ता राहिला नव्हता. शेजारचे काका, जे अण्णांचे लहानपणापासूनचे सोबती, माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “बाय, आता अण्णांचे हाल नको.” मी दादाला फोन लावला. रेंज येत-जात होती. तो म्हणाला, “तू दे अग्नी. मी इथून नमस्कार करतो.” मी दिला. पूल संध्याकाळी उघडला आणि तो रात्री घरी पोचला, तेव्हा आईने त्याला काहीच विचारलं नाही, फक्त त्याचे ओले कपडे बदलायला लावले.

विमानाने त्या दिवशी आपलं काम चोख केलं. वैमानिक, वारा, जागा सोडणारा तो माणूस, सगळ्यांनी केलं. म्हणून हवाई अंतराचा आकडा मला परका वाटत नाही. उलट मी त्याच्यापुढे कृतज्ञ आहे. निकितिनला न मिळालेलं, थिबाला न दिलेलं, माझ्या भावाला मिळालं होतं. जे राहिलं ते बेचाळीस किलोमीटर आमचे होते, आमच्या जिल्ह्याचे, आमच्या नद्यांचे आणि आमच्या पुलांचे. त्यामुळे कुठे पूल झाला, फेरीबोट सुरू झाली, बोगदा उघडला, की मी ती बातमी दादाला आधी कळवते. जगबुडीवर नवा पूल झाला तेव्हा त्याने तिथे थांबून फोटो काढून पाठवला होता. कशेडीचा बोगदा झाला तेव्हा घाटातला वेळ वाचला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. तिथे अमेरिकेची विमानं उतरू लागली तर आम्हाला मुंबई शहर ओलांडावंच लागणार नाही. मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गला रो-रो बोट, म्हणजे गाड्यांसकट नेणारी बोट, सुरू करण्याची घोषणाही त्याच वर्षी झाली. जयगडहून तवसाळला फेरीबोट, आणि तवसाळपासून हेदवीवरून वेळणेश्वर. हा मार्ग मी नकाशावर आखून ठेवला आहे. आई म्हणते, बोट खोल पाण्यात उभी राहणार असेल तर मला पडावात चढता येणार नाही आता. तिला सांगितलं, आता धक्क्यालाच लागतात.

दादा या वर्षी गणपतीला येतो आहे. मी त्याला पौषात ये म्हणून सांगून पाहिलं. समुद्र शांत असतो, रस्ता कोरडा, माणसं मोकळी. पण आई ऐकत नाही, आणि खरं तर तोही ऐकत नाही. मग चतुर्थीच्या आधी चार दिवस मोकळे ठेवायचे एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. नेवार्क ते मुंबई तिकीट त्याने काढलं, त्याला दहा मिनिटं लागली. मुंबई ते चिपळूण माझ्याकडे आहे. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सकाळी आठला उघडतं आणि गणपतीच्या गाड्या तर बघता बघता भरतात. शाळेतल्या दोन सहकाऱ्यांनाही मी त्या वेळी आपापल्या फोनवर बसायला सांगितलं आहे. तिघांपैकी एकाला तरी मिळेल.